भेटायला या, पण वारा घाला

माझ्याकडे किस्से फार साठलेत. सांगायची पंचाईत अशी की माझा प्रत्येक किस्सा 'आमचा एक पेशंट होता' असा सुरू होतो, आणि तेवढ्यानंच समोरच्याचा चेहरा पडतो. पुढचं गमतीचं आहे हे त्याला पटवेपर्यंत चहा गार होतो. म्हणून आधीच सांगते, हसू आलं तर हसा. आमचे पेशंटही हसायचे.

काम असं आहे. कर्जतच्या एका छोट्या दवाखान्याची गाडी, त्यात मी सिस्टर, आमच्या डॉक्टरमॅडम आणि गाडी चालवणारा शंकर. कर्जत-खालापूर भागात ज्यांना मोठ्या हॉस्पिटलनं 'आता घरी न्या' म्हणून सांगितलंय, त्यांच्या घरी आम्ही जातो. दुखणं, धाप, मळमळ, जखमेचा वास, जे छळत असेल ते कमी करायचं. एकदा चौक गावातल्या टपरीवर एकानं विचारलं, "तुमचे पेशंट बरे होतात का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही."

"मग जाता कशाला?"

शंकर म्हणाला, "तुमी चहा पिता, परत तल्लफ येतेच ना? मग पिता कशाला?"

त्याला काही ते पटलं नाही. माझ्या सासूबाईंनाही अजून पटलेलं नाही.

आज मात्र माझं लक्ष थाऱ्यावर नाही. कळंबचे काशिनाथकाका डोक्यातून जात नाहीत. फुप्फुसाचा कॅन्सर. आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून दिवसरात्र बसून. मांडीवर उशी आणि उशीवर कपाळ, अशी त्यांची झोप. ती पण डुलकीच. त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं होतं, "सिस्टर, एकदा पाठ टेकून झोपू द्या. मंग काय व्हायचं ते होऊ दे." हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवेना. त्यांचं सांगतेच, पण आधी दुसरं सांगते. सरळ तिकडं वळले तर मला नीट सांगता यायचं नाही.

*

खोपोलीचे गायकवाडबाबा. सगळी नोकरी कारखान्यात फिटर म्हणून झालेली. कॅन्सर हाडांत उतरला होता आणि कंबर अशी दुखायची की कूस बदलता येत नव्हती. मॅडमनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. दुखो न दुखो, ठरल्या वेळेला घ्यायच्या. बाबांना हे एकदम पटलं. भोंगा झाला की माणूस मशिनवर, तसे ते घड्याळाकडं बघून गोळी घ्यायचे. दुखणं उतरलं, बाबा गच्चीवर जाऊन बसायला लागले.

पण दर गुरुवारी संध्याकाळी मुलीचा फोन यायचा, "बाबा कळवळतायत." शुक्रवारी आम्ही पोचेपर्यंत बाबा ठीक. पुढच्या गुरुवारी परत फोन. मॅडमनी डोस तपासला, जुने एक्स-रे काढून बघितले, गुरुवारी जेवायला काय असतं तेही विचारलं. मी तर चिडलेच. दुखणं वार बघून येतं का? शेवटी एका गुरुवारी दुपारीच जाऊन धडकलो. गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी.

"बाबा, आज घेतल्या नाहीत?"

"आज कशा घेनार? गुरवार हाय. आमची सुट्टी."

त्यांच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची. रिटायर झाले तरी बाबांनी ती सोडली नव्हती. गोळ्यांनाही एक दिवस आराम हवा, असा त्यांचा हिशेब. मॅडमनी खुर्ची ओढून समजावलं की दुखण्याला सुट्टी नसते, तेव्हा गोळीलाही द्यायची नाही. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे सुट्टीच्या दिवशी बी कामावर यायचं."

"बरोबर."

"मंग त्या दिवशी डबल धरायचं ना?"

निघायला उठलेल्या मॅडम परत खुर्चीत बसल्या.

*

मॉर्फिनचा हमखास त्रास म्हणजे पोट साफ होत नाही. त्यामुळे कुठल्याही घरात आमचा पहिला प्रश्न तोच. कर्जतच्या बाजारपेठेत किराणा दुकानाच्या मागं मालतीकाकू राहायच्या. फार संकोची बाई. माझ्याशीसुद्धा हळू आवाजात बोलायच्या आणि मॅडमशी तर मानेनंच. त्यांचे यजमान, सगळे शेठ म्हणायचे त्यांना, काळजीनं निम्मे झालेले. काकूंचं पोट बरेच दिवस अडलं होतं. मॅडमनी औषध बदललं आणि शेठ गल्ल्यावर बसून वाट बघायला लागले. "काय शेठ, चेहरा का उतरलाय?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की शेठ खरं ते सांगायचे. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना.

एका सकाळी आम्ही त्या गल्लीत वळलो, तर हार्डवेअरवाला दुकानातूनच म्हणाला, "सिस्टर, झाली बरं का!" पुढं टेलरनं मशिन थांबवलं, "सकाळीच. चांगली झाली म्हणत होते शेठ." भाजीवालीनं तर न बोलता नुसता हात उंचावून दाखवला. शंकरला हसू आवरेना, त्यानं गाडी गटाराच्या कठड्याला घासली.

आत काकू भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मी पाठीवर हात ठेवला.

"आयुष्यात कधी माझं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही," त्या म्हणाल्या. "आता आलं, ते हे असं."

आणि मग स्वतःच हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मला उशी धरून ठेवावी लागली.

*

खालापूरच्या अलीकडं एका वाडीत सीताबाई होत्या. छातीला जखम झालेली, आणि तिला वास. घरातले कुणी काही बोलत नव्हते, पण उदबत्त्या जास्त लागायला लागल्या. सीताबाईंनी स्वतःच अंथरूण उचललं आणि गोठ्यात नेऊन टाकलं. "म्हशीला काय नाय वाटत," म्हणाल्या. त्यांना तिथं बघून मला जे वाटलं ते मी अजून घरी सांगितलेलं नाही. गाडीत येऊन मी शंकरवर उगाच खेकसले.

औषध साधं होतं. जखम नीट धुवायची, वासावरच्या गोळ्यांची पूड करून तिच्यावर भुरभुरायची, रोज. सुनेनं नाकाला पदर न लावता केलं. वास गेला. सीताबाई घरात आल्या, नातवंडं परत मांडीवर चढायला लागली. आम्ही खूश होऊन गेलो, तर बाई वैतागलेल्या.

"वास होता तवा बरं होतं गं. सासू म्हनून कोन जवळ येत नव्हतं. आता दिसभर आपलं, आई डाळ किती टाकू, आई मीठ किती टाकू. जीव नकोसा केलाय सगळ्यांनी."

सून दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "आई, चहा किती टाकू?"

*

असं आणखी पुष्कळ सांगता येईल. पण शंकर म्हणतो तसं, मी कळंबचा रस्ता टाळतेय. तर जाऊ आता.

पहिल्यांदा गेलो तेव्हा काशिनाथकाकांच्या खोलीची खिडकी बंद, दाराला चादर, काकांच्या कानांना मफलर आणि अंगावर घोंगडी. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सुमनकाकूंचं म्हणणं, धाप लागलेल्या माणसाला वारं बाधतं. मॅडमनी खिडकी उघडली. औषधं समजावून होईपर्यंत ती बंद. मी उघडली. बीपी घेऊन वळते तर बंद! शेवटी शंकरनं ती बाहेरून उघडली, खिडकीत कोपर टेकलं आणि काकूंशी पिकापाण्याच्या गप्पा मारत तिथंच उभा राहिला. पाहुण्याच्या कोपरावर खिडकी लावता येईना, काकूंचा नाइलाज झाला.

मॅडमनी एक पुठ्ठा घेतला आणि काकांच्या नाका-तोंडासमोर हलकासा वारा घातला. जरा वेळानं काकांचे कानाला लागलेले खांदे खाली आले.

"बरं वाटतंय," काका म्हणाले.

सुमनकाकू बघतच राहिल्या. "म्हंजे इतके दिस मीच कोंडून घातलं यांना," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. तोंडावर वारा आला की धाप कमी जाणवते, हे कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? खूप समजावलं. मॉर्फिनचा अगदी बारका डोस सुरू केला. वीज असेल तेव्हा टेबलफॅन, गेली की हातपंखा, असं ठरलं.

खांदे खाली आले, पण पाठ काही टेकेना.

*

दुसरी अडचण गावाची. आमच्या भागात आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरण्यासारखं. कळंबच काय, नेरळपासून लोक यायचे. आलेला प्रत्येकजण विचारणार, "पयलं कसं कळलं?" आणि काका पडले रीतभात पाळणारे. ते पहिल्यापासून सगळं सांगणार, मध्ये मध्ये धापा टाकणार, आणि वर काकूंना म्हणणार, "चहा टाक गं." मग पाहुणे आपल्या ओळखीतल्या पेशंटची हकिगत सांगणार. एकजण तर माझ्यासमोर म्हणाला, "माज्या साडूला बी हेच झालं. असाच बसल्या बसल्या गेला."

मी त्याला हाताला धरून बाहेर काढणार होते. मॅडमनी मला डोळ्यांनी थांबवलं, त्याच्या हातात हातपंखा दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, आजपासून काकांशी कुणी बोलायचं नाही. भेटायला आलात ना, वारा घाला. हात भरला की पुढच्याला द्या."

"आवो, आल्या मानसाला कामाला लावायचं?" सुमनकाकू घाबरल्या. "लोक काय म्हनतील?"

लोकांना हे फार आवडलं. आजाऱ्याकडं जाऊन काय बोलायचं ही प्रत्येकाची पंचाईत असतेच, ती सुटली. पंख्यासाठी ओटीवर नंबर लागायला लागले. एकजण घरून सूपच घेऊन आला आणि भात उपणताना घालतात तसा वारा घालायला लागला. काकांची चादर उडाली, भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

"हळू रं," काका कसेबसे म्हणाले. "भात नाय, मानूस हाय."

एक पुढारीही चार माणसं घेऊन आले. पंखा हातात घेतला आणि कॅमेऱ्याकडं बघत हलवायला लागले, त्यामुळे सगळा वारा फोटो काढणाऱ्याला. सुमनकाकूंनी थोडा वेळ बघितलं आणि पंखा त्यांच्या हातातून काढून घेतला. "झाला ना फोटू? आता द्या इकडं." आदल्या आठवड्यात लोक काय म्हणतील म्हणणारी बाई ही.

तरी काका बसलेलेच. एवढा वारा, एवढी औषधं, आणि पाठ टेकवली की पुन्हा उठायचे. डोस वाढवला, उश्यांची रचना बदलून बघितली. मी घरी भांडी घासताना उश्या कशा लावाव्यात याचा विचार करायची.

*

एक दिवस मॅडमनी काकूंना ओट्यावर बोलावून विचारलं, "त्यांच्या मनात काही आहे का?"

काकूंनी शेजारच्या घराकडं बोट केलं. दोन घरांत एकच भिंत. पलीकडं काकांचे थोरले भाऊ, धर्मादादा. शेताच्या बांधावरून बिनसलं त्याला कितीतरी वर्षं झाली. तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी शब्द बोललेला नाही. सगळा गाव वारा घालून गेला, पण भिंतीपलीकडचा माणूस आला नव्हता.

"हे रोज इचारतात, दादा आला का," काकू म्हणाल्या. "आन तो यायचा कसा? आला तर पयलं बोलनार काय?"

मी म्हटलं, मी जाऊन सांगते त्यांना. मॅडम म्हणाल्या, थांब. मला थांबणं जमत नाही, पण थांबले. परत येताना सगळा रस्ता मी शंकरला गाडी हळू चालवतोस म्हणून बोलत होते.

पुढच्या खेपेला आम्ही दुपारी पोचलो. ओटी रिकामी. भेटायला आलेली माणसं अंगणात उभी होती, आत कुणीच जात नव्हतं. खोलीत एक म्हातारा खाटेजवळ पाटावर बसून वारा घालत होता. नजर भिंतीवर. काका उश्यांच्या उतरंडीला मागं रेलले होते, डोळे मिटून.

सुमनकाकू माझ्या कानाशी लागल्या. "सकाळी आला. दारात उभा ऱ्हाऊन मला इचारलं, बोलायचं नाय आसं हाय ना? मी म्हनलं, हां, नाय बोलायचं. मंग चप्पल काढली."

मी काकांचा श्वास मोजला. कितीतरी संथ होता. म्हातारा मात्र मधूनमधून कोपर गुडघ्यावर टेकवत होता.

"बाबा, हात भरला असेल. द्या माझ्याकडे."

त्यांनी ऐकलंच नाही. वारा घालतच राहिले. मग काका डोळे न उघडता म्हणाले, "दादा, जरा खालून घाल."

पंखा थांबला. मॅडमही औषध काढता काढता थांबल्या.

"गप रं," धर्मादादा म्हणाले. "तुला बोलायचं नाय सांगितलंय ना."

आणि पंखा दुसऱ्या हातात घेऊन खालून वारा घालायला लागले. काकांनी पाठीमागची एक उशी ओढून काढली आणि बाजूला सरकवली. मग दुसरी. मी त्या परत लावायला पुढं झाले, तर मॅडमनी माझा हात धरला.