ट्रिप्सिन सरांची कॅप्सूल

स्वतःच्या स्वादुपिंडावर जाहीर प्रेम करणारा माणूस अख्ख्या खामगावात एकच होता, आमचे ट्रिप्सिन सर. खरं नाव वेगळं, पण ते पगारपत्रकापुरतं. ज्युनिअर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे. पचनाचा धडा आला की पोटावर हात फिरवत वर्गात शिरायचे आणि विचारायचे, "काल मटण खाल्लं काय बे कोणी?" पहिल्या बाकावरच्या शाकाहारी पोरी नाकाला रुमाल लावायच्या. सरांना तेच पाहिजे असायचं.

"मटण म्हणजे प्रोटीन, लांबलचक साखळी," सर सांगायचे. "ट्रिप्सिन म्हणजे ते साखळी तोडणारी कात्री. पण तुमचं स्वादुपिंडबी मटणच हाय की! कात्री तिथंच तयार होते, मग त्यालेच काऊन कापत नाही?" मग स्वतःच उत्तर द्यायचे, "कारण तिथं ते झोपून राह्यते बे! आतड्यात गेल्यावर उठते. जागच्या जागी उठली तं मालकालेच खाते." आणि मागच्या बाकावर पेंगणाऱ्या माझ्याकडे बोट, "हा आपला विकास पाहा. ट्रिप्सिनोजेन, म्हंजे झोपलेलं ट्रिप्सिन. अजून उठायचा हाय." बारावी संपेपर्यंत मला वर्गात दुसरं नाव नव्हतं.

या कात्र्यांच्या खानदानाचं त्यांना कोण कौतुक! जखमेतलं रक्त गोठवते ती यांच्यातलीच, आणि विषाणू आपलं बस्तान बसवायला वापरतो तीही यांचीच लांबची नातलग, असं ते घरच्या लग्नातली माणसं ओळखून दाखवावीत तसं सांगायचे. एकदा स्टाफच्या पार्टीत मटण मऊ व्हावं म्हणून त्यांनी कच्च्या पपईचा गर लावला. पपईच्या चिकातही तसलीच कात्री. बरं, लावला तर लावला, गडी रात्रभर विसरला. सकाळी पातेल्यात मटणाची खीर. प्राचार्य उपाशी, आणि सर म्हणतात, "जेवण नापास, पण प्रयोग पास!"

असला हुशार माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र ठार गाढव. पित्ताशयात खडे आहेत, काढून टाका, असं डॉक्टर कधीपासून सांगत होते. सरांचं उत्तर ठरलेलं: "भाडेकरू हायेत बे. भांडत नाहीत, आवाज करत नाहीत. काऊन हाकलू?" मग एका दुपारी त्यातला एक भाडेकरू घरंगळला, स्वादुपिंडाच्या तोंडाशी अडकला, आणि सर स्टाफरूममध्ये पोट धरून आडवे झाले. तोवर माझं बाजारात औषधांचं दुकान झालं होतं. मीच त्यांना गाडीत घालून अकोल्याला नेलं. आयसीयूत नाकात, हातात नळ्या, तरी मला खुणेनं जवळ बोलावून म्हणतात, "उठली बे विक्या, कात्री. जागच्या जागी उठली." मला हसू येईना आणि रडूही येईना.

जीव वाचला, पण स्वादुपिंड बरंचसं स्वतःलाच पचवून बसलं होतं. आता कात्र्याच तयार होईनात. सर जेवायचे भरपूर, अंगी काही लागायचं नाही. शर्टात माणूस आहे की हँगर, असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी तयार कात्र्यांच्या कॅप्सूल लिहून दिल्या, प्रत्येक जेवणासोबत, जन्मभर. चिठ्ठी घेऊन सर माझ्या काउंटरवर आले. डबी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "विक्या, हे कोणाचं स्वादुपिंड हाय, माहीत हाय ना तुले?"

माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं. डुकराचं.

सरांची सगळी थट्टा एका बाजूला आणि पाच वेळची नमाज एका बाजूला. बुरशीपासून केलेल्या गोळ्या मी आणून दिल्या, त्यांनी काही भागलं नाही. मग सर मौलानांना विचारून आले. मौलाना म्हणाले, जीव वाचवायला दुसरा इलाज नसेल तर परवानगी आहे, बिनघोर घ्या. "मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो बे," सर कुरकुरले, "त्यांनी तं चहा पाजून हो म्हटलं!" तरी डबी फोडेनात. कारण अम्मी. सरांची बायको लवकर गेली होती. घरात ते आणि ऐंशी ओलांडलेली अम्मी, दोघं दोन्ही वेळा एकाच ताटात जेवायचे. "तिच्या ताटाशी हे घेऊन कसा बसू? आन् तिच्यापासून लपवून खाल्लं तं घास उतरन काय?"

माझं डोकंच फिरलं. डोळ्यांदेखत माणूस वाळून चाललाय आणि हा ताटाचं धरून बसलाय! डबी उचलली, सरांना स्कूटरवर मागे घातलं, थेट त्यांच्या घरी गेलो आणि अम्मीला सगळं सांगून टाकलं. प्राण्याच्या नावासकट. सर भिंतीकडे तोंड करून उभे.

अम्मीनं ऐकून घेतलं. मग मला एवढंच विचारलं, "इसके बिगर ये मर जाएगा क्या रे?"

"हो, अम्मी."

"ला इधर."

"अम्मी, वो किसका है, सुना ना?" सर वळून म्हणाले.

"सुना. बहरी नहीं हूँ. ऊपर पूछे तो बोल देना, माँ ने अपने हाथ से खिलाई. आगे की बात मैं करती. मुँह खोल."

पोरांना दरडावणारा तो माणूस गुडघे टेकून खाली बसला आणि त्यानं आ केला.

त्या दिवसापासून प्रत्येक जेवणाला कॅप्सूल अम्मीच्याच हातून. सरांच्या अंगावर मांस चढलं, जिभेवर पुन्हा टवाळी चढली. अम्मीला बिचारीला शेवटी उठवत नव्हतं, तरी जेवायच्या वेळी हात पुढे यायचा.

गेल्या हिवाळ्यात अम्मी गेली. दफन करून सर सरळ माझ्या दुकानात आले. टोपीवर अजून माती होती. "माही केस आता वर उभी राह्यली असन बे," म्हणाले. "अन् निकालबी लागला असन. म्हातारीपुढे कोण टिकते?" हसले, आणि हसता हसता काउंटरवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले.

माझ्या घरून डबा आला होता. मी तो त्यांच्यापुढे उघडला, पाण्याचा ग्लास ठेवला. सरांनी खिशातून कॅप्सूल काढली, तळहातावर धरली आणि बराच वेळ तशीच धरून बसले.