‘आणि’च्या आधीचा स्वल्पविराम

इंग्रजी लेखननियमांचा जाडजूड ग्रंथ पुतणीच्या टेबलावर होता. ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर त्यात पानंच्या पानं. मला हसू आलं.

“हसू नका, काका,” ती म्हणाली. प्रबंध तिने इंग्रजीतून अर्पण केला होता: माझे गाईड, आई आणि बाबा यांना. “इंग्रजीत इथे स्वल्पविराम नसला, तर आई-बाबाच माझे गाईड ठरतात. माझे दोन्ही गाईड सर गायब! ते चिडले तर माझ्या व्हायवाचं काय?”

“मग घाल की.”

तिने घातला. डोळ्यांदेखत दोन माणसांची चार झाली. एवढं सामर्थ्य मी कुठल्या मंत्र्याच्या सहीतही पाहिलेलं नाही.

संगणकावरची ती ओळ तिने पुन्हा एकदा वाचली. मग तिने तो स्वल्पविराम हळूच खोडला.

“राहू दे, काका. असंच खरं आहे.”