झोपाळ्यापाशी बस हळू होते

आमच्या शाळेच्या एकेचाळीस नंबरच्या बसचा ड्रायव्हर लॉन्झो टगल जागेपणी स्वप्नं बघतो. अकरा वर्षं मी त्याच्या पाठीमागच्या सीटवर बसून मुलं सांभाळतेय, तेव्हा हे बोलायचा मला हक्क आहे. पहाटे मेम्फिसच्या आमच्या भागात नदीवरून धुकं येतं, रस्त्यावरचे दिवे अजून विझलेले नसतात, आणि लॉन्झो दोन्ही बाजूंची रिकामी घरं बघत बस हाकतो. गुडघाभर गवत, खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या, पायरीवर भिजून लगदा झालेले कागद. मला ती पडकी घरं दिसायची आणि त्याला आत माणसं दिसायची.

"त्या निळ्या घरात बिस्किटं भाजतायत बघ," तो म्हणायचा. "वास येतोय."

"तिथं नऊ वर्षांत कुणी चूल पेटवलेली नाही. पुढे बघून चालव."

त्या सप्टेंबरात शाळेच्या कचेरीचं पत्र आलं. आमच्या फेरीत चौदाच मुलं उरली होती, म्हणून मे महिन्यात शाळा सुटली की एकेचाळीस नंबर कायमचा बंद. मला बहिणीच्या केसांच्या दुकानात बसता आलं असतं. लॉन्झो सत्तावन्न वर्षांचा, एकटा, आणि आयुष्यभर बसखेरीज दुसरं काही केलेलं नाही. त्या दिवशी निळं घर मागे गेलं तरी त्यानं मान वळवली नाही. वासबीस काही नाही. मला फार वाईट वाटलं.

मग एका शनिवारी तो कुठल्याशा हॉटेलच्या हॉलमध्ये घरांच्या व्यवहाराचा वर्ग करून आला. सकाळची फेरी संपली की आम्ही चर्चच्या आवारात बस लावून खातो. सोमवारी तिथं त्यानं सॉसेजचा घास हातातच धरला आणि सुरू झाला.

"घर विकत घ्यायचंच नाही, अर्लीन. घराला कंटाळलेला मालक शोधायचा. त्याच्याशी किमतीचा करार करायचा. मग रोख पैसेवाला गाठायचा आणि थोडे पैसे वर घेऊन तो करारच त्याच्या हवाली करायचा. घर त्याचं, मधलं आपलं."

"म्हणजे लग्न दुसऱ्याचं आणि आहेर तुला."

"जोडणारा कुणीतरी लागतोच ना गं? आणि रिकामी घरं शोधायला लोक पेट्रोल जाळत फिरतात. मला तर रोज पगार देऊन फिरवतायत!"

मी माझं खाऊन घेतलं.

वर्गातल्या चकचकीत बुटांच्या मास्तरानं सांगितलं होतं, मालकाला हातानं पत्र लिहा, पिवळ्या रेघांच्या कागदावर. छापील पत्र लोक फाडतात, हातचं उघडतात. आता लॉन्झोचं अक्षर खुद्द लॉन्झोला लागत नाही. तेव्हा तीन आठवडे बसच्या सीटवर मांडीवर वही घेऊन मी साठ पत्रं लिहिली. तुमचं घर आहे तसं, रोखीनं घ्यायचंय, फोन करा, एवढंच. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी तो त्या घरापुरतं एक वाक्य घालायला लावायचा.

"लिही, तुमच्या पिवळ्या झोपाळ्यापाशी मी रोज सकाळी बस हळू करतो."

"हे मास्तरांनी शिकवलंय?"

"नाही. पण खरं आहे. लिही."

साठ पत्रं टाकली आणि तो फोन खिशाऐवजी समोर ठेवून बस चालवायला लागला. दहा दिवसांनी पोस्टमननं त्याच्या दारात गठ्ठाच आणून टाकला. प्रत्येक पाकिटावर शिक्का, इथं कुणी राहत नाही. या बहाद्दरानं साठच्या साठ पत्रं त्या रिकाम्या घरांच्याच पत्त्यावर धाडली होती. मालकांचे पत्ते कर भरायच्या कचेरीत मिळतात, हे वर्गात सांगत होते तेव्हा हा कुणाच्यातरी स्वयंपाकघरात रमला असणार.

"अरे शहाण्या, रिकाम्या घरात पत्र वाचणार कोण? उंदीर?" मी हसत सुटले. मग त्याचा चेहरा दिसला आणि मी खाली बसून गठ्ठा आवरायला लागले. आवरताना मी पाकिटं मोजली. एकोणसाठ होती.

साठावं पत्र उचलणारीचा फोन गुरुवारी आला. मिस युलाइन बॅटल्स, वय एक्याऐंशी. नवरा गेल्यावर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायला गेली होती, पण दर गुरुवारी दोन बस बदलून आपल्या रिकाम्या घरी यायची, ओसरी झाडायची आणि झोपाळ्यावर बसायची. पुढच्या गुरुवारी दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघं गेलो. ती टोपी घालून झोपाळ्यावरच बसली होती.

"माझ्या झोपाळ्यापाशी बस हळू करणारा तो तूच?"

"हो, मिस युलाइन."

"आणि अक्षर?"

"माझं," मी म्हणाले.

"वाटलंच. पुरुषाचं अक्षर इतकं समजूतदार नसतं."

आत स्वयंपाकघराचं छत खाली आलं होतं आणि भोकातून ऊन थेट चुलीवर पडत होतं. मी नाकाला रुमाल लावला. लॉन्झो उन्हात उभा राहून मान हलवत होता. इथं मोठं टेबल, म्हणाला, इथं बाळाची उंच खुर्ची, दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा. मिस युलाइननं बोटानं चौकट दाखवली. खुणा होत्या, तिच्या चार मुलांच्या. मी नाकावरचा रुमाल काढला.

"मग तू राहणार ना इथं, लेकरा?" तिनं विचारलं. "पत्रात घ्यायचंय म्हणालास."

मला त्याचा खिसा दिसत होता, खिशात घडी घातलेला कोरा करार होता. मास्तरानं उत्तरही पढवलं होतं, मी किंवा माझे भागीदार घर घेऊ, एवढंच म्हणायचं आणि पेन पुढे करायचं. पहिला व्यवहार, बस बंद व्हायच्या आत, एका वाक्यावर आला होता.

"नाही, मिस युलाइन," लॉन्झो म्हणाला. "मला घर घ्यायची ऐपत नाही. पत्रात चुकीचं लिहिलं. मी करार करून तो दुसऱ्याला देणार, मधले पैसे मला मिळणार."

"तो दुसरा कोण?"

"माहीत नाही."

"मग आधी शोध. घर कोण बांधून काढणार, कुणाला विकणार, झोपाळा ठेवणार की तोडणार, सगळं विचारून ये. तोवर सही नाही."

बाहेर आल्यावर मी त्याला धू धू धुतलं. हातात सही नसताना या धंद्यात पत्ता कुणाला सांगायचा नसतो, घेणारा मग थेट मालकालाच गाठतो, एवढं तर मलाही कळत होतं. त्यालाही कळत होतं. तरी तो गेला आणि कीसलिंग नावाच्या माणसाला पत्ता सांगून आला. हा कीसलिंग जुनी घरं दुरुस्त करून कुटुंबांना विकायचा, काम चोख करायचा. झोपाळा ठेवतो म्हणाला. घर बघून कळवतो म्हणाला. मग आठवडाभर फोन उचलेना.

लॉन्झोनं बस चालवता चालवता एवढंच म्हटलं, "गेलं, अर्लीन." त्या सकाळी झोपाळ्यापाशी बस हळू झाली नाही.

गुरुवारी चर्चच्या आवारात त्याचा फोन वाजला. मिस युलाइन इतकी जोरात बोलत होती की मला सगळं ऐकू आलं.

"तो तुझा कीसलिंग आलाय. ओसरीवर बसलाय. म्हणतो, मधल्याला कशाला द्यायचे, मलाच थेट विका, तुम्हाला जास्त देतो."

लॉन्झोनं डोळे मिटले. "जास्त देत असेल तर घ्या, मिस युलाइन. घर तुमचं आहे."

"गाढवा, ऐक आधी! मी त्याला सांगितलंय, उशीर झाला, माझी सही टगलच्या करारावर झालीय, बोलायचं तर त्याच्याशी बोल. एक्याऐंशी वर्षांत मी खोटं बोलले नाही आणि आता चर्चमध्ये तोंड कसं दाखवू? तो कागद घेऊन लगेच ये आणि माझं बोलणं खरं कर!"

"पण तुम्ही असं का..."

"घेतो घेतो म्हणणारे इथं पुष्कळ येऊन गेले. ऐपत नाही म्हणणारा तू एकटा."

शाळेची बस अशी नेणं नियमात बसत नाही, म्हणून ती कशी नेली ते मी सांगणार नाही. मिस युलाइननं झोपाळ्यावर बसूनच सही केली आणि खाली माझ्या समजूतदार अक्षरात एक ओळ घालून घेतली, झोपाळा काढायचा नाही. महिन्याभरात वकिलाच्या कचेरीत कीसलिंगनं घर घेतलं आणि लॉन्झोला त्याचं मधलं मिळालं. त्यातलं अर्धं त्यानं माझ्यापुढे ठेवलं. मी नको म्हणाले नाही.

हिवाळाभर कीसलिंगची माणसं त्या घराचं छत बांधत होती, पण राहायला आलेलं कुणी आम्हाला दिसलं नव्हतं. मे उजाडला. बस बंद व्हायला चार दिवस होते. धुकं होतं आणि झोपाळ्यापाशी लॉन्झोनं सवयीनं बस हळू केली. झोपाळा हलत होता. मला वाटलं, आता मलाही याच्यासारखं दिसायला लागलं. तेवढ्यात झोपाळ्यावरून दप्तर पाठीला लावलेली एक लहान मुलगी उठली. बस आपल्यासाठीच थांबतेय असं समजून ती धावत आली. मागून तिची आई दारात आली, हाताला पीठ.

लॉन्झोनं दार उघडलं. बिस्किटांचा वास मलाही आला.

"यादीत हिचं नाव नाही रे," मी म्हणाले.

तो मागे वळला नाही. बाहीनं डोळे पुसत होता.

"लिहून घे," म्हणाला.