रियाधच्या जिन्यातला राहुकाळ

माझ्या बायकोचा सौदी अरेबियातला पहिला दिवस जिन्यात गेला. हवा छान होती, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. वर्षाकाठी एक महिना मी संगमेश्वराजवळच्या गावी असतो आणि अकरा महिने रियाधच्या अल सुलैमध्ये, एका गोदामात खोके मोजत. म्हणजे आमचा संसार एकूण चौदा महिन्यांचा! आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला कफीलनं, म्हणजे माझ्या इथल्या मालकानं, स्टोअरकीपर केलं, वर दोन खोल्या दिल्या, आणि सुरेखाच्या व्हिजिट व्हिसासाठी सहीसुद्धा केली. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण कागद दोनदा अडले. आईचं मत असं, की दोन्ही वेळा मी अर्ज राहुकाळात भरला.

तिसऱ्यांदा व्हिसा आला, आणि सुरेखानं फोनवर बजावलं, "तीन महिन्यांचा व्हिसा आहे म्हणून तीन महिने राहीनच असं नाही हां! आठ दिवस बघते. नाही करमलं तर पहिल्या विमानानं परत."

ती बोलते ते करते. त्यामुळे ती यायच्या आधी मी पडदे लावले, नवीन कुकर घेतला, घर तीनदा पुसलं. (दुसऱ्यांदा पुसताना पहिल्यांदाचं पुसलेलं खराब झालं होतं.) एवढ्यात आईचा फोन.

"दत्ता, सून पहिल्यांदा तुझ्या घरात पाऊल टाकत्येय. राहुकाळात उंबरठा ओलांडायचा नाही! शुक्रवारी साडेदहा ते बारा. कॅलेंडरात छापलंय."

आता ते कॅलेंडर गावचं. आपलं घड्याळ सौदीच्या अडीच तास पुढं. मी विचार केला, की तिकडं साडेदहा वाजता राहू लागतो तेव्हा इकडं वाजलेले असतात आठ. म्हणजे आमचा राहुकाळ आठ ते साडेनऊ! हिशोब तीनदा केला, तिन्ही वेळा तोच आला. इतका बरोबर हिशोब मी शाळेत केला असता तर नववीत गेलो असतो.

शुक्रवारी सकाळी लतीफभाई त्यांची पिकअप घेऊन विमानतळावर आले. लतीफभाई आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, गोदामातले ड्रायव्हर, मला थोरल्या भावासारखे. सव्वाआठला सुरेखा बाहेर आली. हातात दोन बॅगा, चेहऱ्यावर रात्रभरचं जागरण.

"चला," ती म्हणाली. "मला आधी आंघोळ करायची आहे."

"जरा बसूया की," मी म्हणालो. "विमानतळ बघ ना! केवढा चकचकीत आहे!"

"अहो, मी आत्ता त्याच्यातनंच आले."

मी तिला चहा पाजला. मग दुसरा चहा पाजला. मग कारंजं दाखवलं. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो. लतीफभाईंनी मला बाजूला घेतलं. "काय रे दत्ता, कुणी पोलीस मागं लागलाय काय तुझ्या? मला आज जुम्मा आहे. वेळेत मोकळं कर म्हणजे झालं."

साडेनऊ झाले. तरी सावधगिरी म्हणून (राहूचं घड्याळ मागं असलं तर?) मी आणखी वीस मिनिटं काढली. कॅलेंडरातले साडेदहा ते बारा तेव्हा आपल्याला लागूच नाहीत, कारण ते गावचे! अशा समाधानात आम्ही निघालो.

रस्ता मोकळा. साडेदहाला इमारतीखाली. लतीफभाई किल्ली घेऊन पुढं गेले, दुसऱ्या मजल्यावर जाऊन दार उघडलं. मी बॅगा घेऊन, सुरेखा मागं. तिनं चप्पल काढली, उजवा पाय उचलला, आणि माझा फोन वाजला.

"पोचलात?" आई. "अरे, मी आत्ता भटजींना विचारलं. ते म्हणाले, राहुकाळ जिथला सूर्य तिथला! तुमच्या गावात सूर्य कधी उगवतो ते बघायचं. दिवसाचे आठ भाग करायचे, शुक्रवारचा चौथा. तू कसा काढलास?"

"थांबा!" मी ओरडलो. सुरेखाचा पाय हवेत. लतीफभाईंनी दचकून दार परत ओढलं आणि कुलूप घातलं.

"लतीफभाई, इथं सूर्य कधी उगवतो?"

"मला काय विचारतोस? मी काय..." म्हणता म्हणता ते थांबले आणि पाकिटातनं मशिदीतलं नमाजाच्या वेळांचं कार्ड काढलं. त्यात सगळं होतं! सूर्योदय सहा सदतीस. सूर्यास्त पाच सतरा. रियाधचा, आजचा, मिनिटासकट!

मी खिशातला गोदामाचा मार्कर काढला आणि सुरेखाच्या बॅगेला बांधलेल्या नावाच्या पुठ्ठ्यावर गणित मांडलं. दिवस दहा तास चाळीस मिनिटं. म्हणजे सहाशे चाळीस. भागिले आठ. ऐंशी! बाकी शून्य! आयुष्यात माझ्या भागाकाराला पहिल्यांदाच बाकी उरली नव्हती. मी आनंदानं वर बघितलं. वर कुणीच आनंदात नव्हतं.

"मग चौथा भाग कधी?" सुरेखानं एका पायावरून विचारलं.

"दहा सदतीस ते अकरा सत्तावन्न."

"आणि आत्ता किती वाजले?"

दहा एकोणचाळीस.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "मला सव्वाआठला सरळ घरी आणलं असतं तर?"

"नऊला पोचलो असतो. एकदम शुद्ध वेळ."

"आणि कॅलेंडरातलं जसंच्या तसं वाचलं असतं तर?"

मी मार्करचं टोपण लावलं. कॅलेंडर सात मिनिटांनीच चुकलं होतं. मी मात्र दोन तास खपून बायकोला चांगल्या वेळेतनं उचलून बरोब्बर राहूच्या तोंडात आणून उभं केलं होतं!

"वहिनी, बसा," लतीफभाई म्हणाले. "अकरा सत्तावन्न म्हणजे भर दुपार. नेमकी तेव्हाच आमची बांग होते. बांग ऐकलीत की समजा राहू गेला, खुशाल आत जा. मी आंघोळ करून मशिदीत जातो." आणि गेले.

सुरेखा पायरीवर बसली. माझ्यासाठी आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उघडला आणि माझ्याकडे न बघता खायला लागली. मी जिना वर-खाली करत राहिलो. पहिला लाडू, दुसरा, तिसरा. "अहो, इथून भारतात विमानं रोज असतात का?" तिनं विचारलं. बाहेर ऊन सोनेरी होतं, पण ते दाखवायची हिंमत झाली नाही.

शेवटी बांग झाली. इतक्या श्रद्धेनं ती कुठल्या कोकणी हिंदूनं ऐकली नसेल! मी उडी मारून दारापाशी गेलो. "चल! गेला राहू! उजवा पाय!"

"दार उघडा मग."

मी डाव्या खिशात हात घातला. उजव्या खिशात घातला. मग शर्टाच्या खिशात. मग आठवलं. दार लतीफभाईंनी उघडलं होतं. कुलूप लतीफभाईंनी घातलं होतं. किल्ली लतीफभाईंच्या खिशात होती, लतीफभाई मशिदीत होते, आणि त्यांचा फोन बंद! जुम्म्याच्या वेळेला साऱ्या रियाधमध्ये कुलूपवाला सोडा, पाण्याची बाटली देणारं दुकान उघडं नव्हतं.

सुरेखानं चौथा लाडू घेतला.

पाऊण तासानं लतीफभाई धापा टाकत जिना चढले. "या अल्ला! किल्ली माझ्याकडेच! फोन नाय का करायचा?"

"सतरा केले," मी म्हणालो.

"माफ करा वहिनी."

"तुमची काय चूक, भाऊजी," सुरेखा म्हणाली. "तुम्ही दार उघडलं होतंत."

ती आत गेली. कुठला पाय आधी टाकला ते बघायचं माझ्याकडून राहिलं. तेवढ्यात आईचा फोन, आणि मी हात पुढं करायच्या आत सुरेखानं तो घेतला.

"हो आई, पोचलो आत. नाही, राहू वेळेवर गेला, त्याचं काही नाही. तो बिचारा दिवसातून ऐंशी मिनिटंच असतो. आई, मी आठ दिवसांचं म्हणाले होते ना? ते रद्द. तीन महिने पूर्ण राहते. या माणसाला एकटं ठेवण्यासारखी परिस्थिती नाही."

तीन महिने! मी देवाचे, आईचे, लतीफभाईंचे आभार मानले, आणि हळूच राहूचेही. मग लाडवांचा डबा उघडला. त्यातही बाकी शून्य होती.