अमावस्येचं बुकिंग

नव्या वर्षाचं पंचांग बाजारात आलं की माझ्या ऑफिसची पायरी सगळ्यात आधी चढायचे ते हमीदभाई. अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं लग्नाचं लॉन आहे. लोक येतात ते कोणता मुहूर्त मोकळा आहे हे विचारायला. हमीदभाई विचारायचे, "भाभी, यंदा लग्न कवा कवा नाई?" मी एकेक अमावस्या दाखवायची. ते तिच्यावर बोट ठेवून म्हणायचे, "हे माह्या नावानं. बाकी साल तुमचं."

अकोल्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मुलानं ते हातात घेतलं तसे हमीदभाई लॉनला लागून असलेल्या आपल्या शेतावर राहायला आले. बायको आधीच गेलेली. शेतात त्यांनी एक खोली बांधली, तिचं टिनाचं छप्पर रुळांवरून बाजूला सरकायचं. गावात चर्चा अशी की म्हातारा कोंबड्या पाळणार. मग एक दिवस ट्रकमधून पाण्याच्या ड्रमएवढी जाडजूड दुर्बीण उतरली आणि कोंबड्यांचा विषय संपला.

"यातून दिसतं काय?" मी विचारलं.

"डोया लावून काई नाई. कॅमेरा लावून समदं."

मग त्यांनी मला समजावलं. दुर्बीण आभाळाबरोबर हळूहळू फिरते, कॅमेरा कितीतरी वेळ उघडा राहतो, आणि असे शेकडो फोटो कॉम्प्युटरवर एकावर एक रचले की डोळ्यांना कधीच न दिसणारं काहीतरी वर येतं. "उजेड जमा करून राहिलो, भाभी," ते म्हणायचे. थेंबे थेंबे तळे साचे, त्यातला प्रकार. पण त्या तळ्यात माझ्या लॉनचे दिवे बादल्या ओतायचे. त्यांचा फोटो ताकासारखा पांढरा यायचा.

पहिल्या वर्षी ते फाटकात दिसले तेव्हा मी पदर खोचूनच उभी राहिले. भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण हमीदभाई खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुमचा धंदा रातचा, माहाबी रातचा. भांडलो तं दोघंबी उपाशी मरू." अमावस्येचा तोडगा त्यांनीच काढला. अमावस्येला आपल्याकडे कुणी लग्न लावत नाही, आणि त्यांना हवी होती बिनचांदण्याची रात्र. चातुर्मासात माझं लॉन बंद, तर वर ढग. ढग गेले, आभाळ धुतल्यासारखं झालं, की लग्नसराई दारात हजर. "अल्लानं आपल्या दोघायचं कॅलेंडर एकाच छापखान्यात छापलं," ते हसून म्हणायचे. ईदच्या आदल्या दिवशी गावची पोरं चांद दिसला का विचारायला त्यांच्याकडे धावायची, तेव्हा कपाळावर हात मारायचे. "सारी दुनिया चांद मांगते, अन् मी मांगतो बिनचांदाची रात. मले जन्नत कशी भेटन?"

त्यांची सगळी माया सिंह राशीतल्या दोन दीर्घिकांवर होती. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची भलीमोठी वस्ती, आपल्या आकाशगंगेसारखी. या दोघी कधीकाळी एकमेकींच्या जवळून गेल्या, ओढाताण झाली, आणि एकीतून ताऱ्यांचा एक बारीक धागा दुसरीकडे निघाला. तो इतका फिका की कितीही उजेड साठवला तरी कमीच पडायचा. माझी मयूरी शाळेत असल्यापासून त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसायची. एकदा म्हणाली, "काका, हे तर नवरा-नवरी वाटतात."

"तेच त हाये, पोरी. शेल्याची गाठ तेवढी दिसाची राहिली."

दरवर्षी तो धागा थोडा पुढे सरकायचा. सिंह राशी डोक्यावर येते माघ-फाल्गुनात, म्हणजे वर्षाला कामाच्या अमावस्या दोन-तीन. त्या हिवाळ्यात त्यांचं हृदय फार थकलं होतं. अमरावतीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "डाक्टर म्हनते, पुढच्या सालचं बुकिंग घेऊ नोका. पन फाल्गुनची अमावस भेटली का गाठ पुरी होते."

आणि त्याच अमावस्येला मयूरीचं लग्न ठरलं. मुलाकडचे पुण्याचे. आम्ही मुहूर्त-बिहूर्त मानत नाही, पाडव्याची सुट्टी जोडून आली आहे, सगळ्यांना तोच दिवस सोयीचा, असं त्यांनी सांगितलं. मला तारीख ऐकताक्षणी कळलं होतं. तरी मी हमीदभाईंकडे गेले नाही. पत्रिका पोचली तेव्हा तेच आले.

"पोरीच्या लग्नापुढं काय अमावस अन् काय पुनव!" ते म्हणाले. "पंगती उठल्या का लाइट तेवढे बंद करा, भाभी. बाकीची रात मले पुरते."

"करते ना," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, की मलाच ते ऐकू आलं नसावं.

लग्नाला ते कडक इस्त्रीची शेरवानी घालून आले. मयूरीच्या डोक्यावर हात ठेवला, दोन घास खाल्ले आणि लवकर निघाले. थकले असतील, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, त्यानंतर ते माझ्या ध्यानातच राहिले नाहीत. नवरदेवाच्या मित्रांच्या हौसेसाठी शार्पी मागवले होते, ते आभाळात झोत फिरवणारे दिवे. नाच संपला, पाहुणे झोपले, दिवेवालाही खुर्चीत झोपला.

सकाळी मुलीची पाठवणी करून फाटकाशी डोळे पुसत होते, तेव्हा समोर त्यांच्या खोलीचं छप्पर उघडं दिसलं. हमीदभाई दारात खुर्ची टाकून, शेरवानीवर स्वेटर चढवून बसले होते. तोंड माझ्या लॉनकडे. माझे दिवे अजून चालूच होते, उन्हात फिके पडलेले.

मी धावत गेले. ते म्हणाले, "मले वाटलं आता बंद होतीन, आता बंद होतीन."

"अहो, मग फोन कावून नाही केला?"

"लग्नाच्या घरी अंधार करा म्हनून कोनी फोन करते का, भाभी?"

चैत्रात अवकाळीचे ढग आले आणि श्रावणात हमीदभाई गेले. जाण्याआधी त्यांनी त्या दोन दीर्घिकांचा फोटो फ्रेम करून मयूरीला पाठवला. पुण्याला तिच्या बैठकीत लावलेला आहे. जावई एकदा फोनवर म्हणाले, "आई, ही रेघ अशी मध्येच का संपते हो?" मी म्हणाले, "तेवढीच असेल." अजूनही मी त्या घरी गेले की त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

दुर्बीण मुलानं अकोल्याला नेली. खोलीला कुलूप आहे. अमावस्येला मी लॉनचा एकही दिवा लावत नाही. याचा आता कुणाला काही उपयोग नाही, हे मला कळतं. ज्याला हवा होता त्याला तो अंधार मी दिला नाही. आता देऊन काय!

परवा एक जण पोराच्या वाढदिवसासाठी आला. कॅलेंडर बघून म्हणाला, "ताई, अमावस खाली दिसून राहिली."

"खाली नाही. बुक आहे."

"अमावस्येले? कोनाचं लग्न हाये?"

"लांबचे आहेत," मी म्हणाले. "त्यांची गाठ बांधायची राहिली आहे."