गळकी पत्रावळ

लेकीने हट्टच धरलाय, लग्नात प्लास्टिकचं काही म्हणजे काही नको. मंडपाचा बांबू इथलाच, माठ आमच्या कुंभाराचे आणि जेवायला पळसाच्या पत्रावळी, त्याही घरी लावलेल्या. म्हणून आज दुपारी ओसरीवर पानांचा ढीग घेऊन बसले. कितीतरी वर्षांनी पळसाचं पान हातात आलं आणि बोटं आपोआप चालू लागली. पानावर पान ठेवायचं, बांबूची बारीक काडी खुपसायची, उरलेली मोडून टाकायची.

हे आईने शिकवलेलं. आळीत कुणाचंही लग्न निघालं की आईला बोलावणं यायचं. "हिच्या पत्रावळीत खुशाल कढी वाढा, थेंब गळायचा नाही," असं बायका म्हणायच्या. माझ्या लग्नात तिने माझ्यासाठी एक पत्रावळ मुद्दाम वेगळी लावून ठेवली होती. नेमकी तीच गळली. कढीचा ओघळ थेट नव्या शालूवर आला. मी भर पंगतीत फणकारले, "आजच बरी गळली गं तुझी पत्रावळ!" आई पदराने शालू पुसत राहिली. तो डाग अजून गेलेला नाही.

"आई, माझी पत्रावळ तूच लाव हं," लेक सकाळी म्हणाली होती. तीच आता पुरी झाली. शेजारी बसलेल्या लेकीने ती उचलून उन्हात धरली.

"आई, इथून उजेड येतोय गं."

डोळे पुसल्याशिवाय टाका कुठे सुटलाय ते मला दिसेना.