सापवाली बाई आणि सिंधूकाकी

माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला एक ग्रीक बाई बांधलेली होती आणि तिला पाहून साठीतली आमची सिंधूकाकी मोहाच्या झाडावर चढली. त्या सकाळी काकीनं एवढंच केलं. बाकीचं सगळं मी केलं.

मी आठवीत शाळा सोडली. (नापास झालो नाही. निकालापर्यंत थांबलोच नाही!) पोंभुर्ण्याकडचं गाव सोडून अकरा वर्षं झाली. पुण्यात पुस्तकांच्या गोदामात गठ्ठे बांधतो. आमचे मालक म्हणजे भला माणूस. कोपरे दुमडलेली पुस्तकं मला देऊन टाकतात आणि म्हणतात, "देवराव, नुसती कव्हरं किती दिवस पाहणार? आत पण बघा." त्यांचे हे उपकार मी जन्मभर मानीन, कारण त्यांच्यामुळेच मी ग्रीक लोकांच्या घरात शिरलो.

दोन पुस्तकं होती. गोष्टी त्याच, जुन्या ग्रीक देवांच्या, पण आजच्या भाषेत नव्यानं सांगितलेल्या. एक बारक्या पोरांसाठी, एक मोठ्यांसाठी. दोन्हींत एक बाई होती, डोक्यावर केसांच्या जागी साप, आणि तिच्याकडे पाहिलं की माणूस दगड. पोरांच्या पुस्तकात ती राक्षसीण. एक राजपुत्र येतो, मुंडकं उडवतो, सगळे खूश. मोठ्यांच्या पुस्तकात मात्र ती आधी साधी पोरगी असते. गुन्हा देवाचा आणि शिक्षा हिला! ते वाचून मी गठ्ठ्यावर बसून रडलो. मालकांना सांगितलं, धूळ गेली डोळ्यात.

पोरांचं पुस्तक मी गावी माझ्या लेकीला, पायलला पाठवलं. ती सहावीत. मोठं पुस्तक स्वतःकडे ठेवलं आणि दर रविवारी ओळीखाली बोट धरून फोनवर तिला थोडं थोडं सांगत गेलो. त्या बाईचं ग्रीक नाव घरात कोणाच्या जिभेवर बसेना. मग ती सापवाली झाली.

मार्चअखेर तालुक्याला गोष्ट सांगायची स्पर्धा होती. शाळेनं पायलला निवडलं. तिनं पुठ्ठ्याचा मुखवटा केला. सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून अठरा साप, बाटलीच्या झाकणांचे डोळे, लाल रिबिनीच्या जिभा. मी सुट्टी काढून आलो, तो खुंटीवर पाहिला आणि छाती अशी फुगली की शर्टाचं बटन तुटलं. (बटन आधीच सैल होतं, पण फुगली हे खरं.)

स्पर्धा दहाला होती. त्याआधी पहाटे मोहफुलं वेचायची. मोहाचा दिवस कोणी सोडत नाही. नाल्याजवळ वाघाची पावलं दिसली होती. वाकलेल्या माणसावर वाघ मागून येतो, तोंड दिसलं तर बिचकतो, म्हणून आमच्याकडे वेचणारे डोक्यामागे मुखवटा बांधतात. घरात मुखवटा एकच उरला होता, तो बायकोचा, सुनंदाचा. दुसरा बकरीनं खाल्ला.

"तुमी घरीच राहा," सुनंदा म्हणाली. "शहरातले झाले तुमी आता."

हे मला लागलं. मी विचार केला, साध्या तोंडाला वाघ बिचकतो, तर सापवालीला पाहून दगडच होईल. पायल उठायच्या आत परत आणून ठेवू. आणि खुंटीवरचा मुखवटा घेऊन निघालो.

जंगलात अजून अंधुक होतं. सुनंदा पलीकडच्या झाडाखाली, मी अलीकडच्या. पायवाटेकडे पाठ करून वाकलो होतो. मी वाकलो की साप हलायचे, हे मला कुठून दिसणार? सिंधूकाकी टोपली घेऊन मागून आली. तिला माझा मुखवटा ठाऊक नव्हता. तिनं किंकाळी फोडली.

मला वाटलं, काकीला माझ्या पुढच्या झुडपात वाघ दिसला. वाघाला पाठ दाखवायची नाही, हे मी लहानपणीच शिकलो. म्हणून झुडपावर नजर ठेवून, हात पसरून, मी एक एक पाऊल मागे सरकू लागलो. म्हणजे काकीकडे! अठरा साप हलवत सापवाली तिच्यावर चालून येत होती. काकी झाडावर चढली.

"काकी, वाघ कुठी आहे वो?" मी न वळता हळूच विचारलं.

राक्षसीण पुतण्याच्या आवाजात बोलते म्हटल्यावर काकीनं वरून टोपली नेम धरून मारली. मुखवटा उडाला. मग मी वळलो. काकीनं मला पाहिलं, फांदी सोडली आणि उतरली ती नेमकी मुखवट्यावर. सुनंदा धावत आली आणि हसत हसत खालीच बसली. वाघ तेवढा आला नाही.

घरी पायलच्या हातात चपटा पुठ्ठा दिला. सात साप उरले होते, डोळा एकच. स्पर्धेला तीन तास. ती रडली असती तर बरं झालं असतं.

"काऊन नेला, बाबा?"

"भेव वाटला मले," मी म्हणालो. लेकीपुढे खोटं बोलायला तोंडच राहिलं नव्हतं.

तिनं उरलेले साप बोटानं मोजले. मग म्हणाली, "पण वाघ आला का?"

"नाई."

"मंग झालं तं."

तालुक्याच्या सभागृहात ती तोच चपटा मुखवटा घेऊन उभी राहिली. पोरांच्या पुस्तकासारखी सुरुवात केली, मोठ्यांच्या पुस्तकाकडे वळली आणि मग दोन्हींत नाही तिकडे गेली. बिनगुन्ह्याची शिक्षा झालेली सापवाली, लोकांच्या किंकाळ्यांना कंटाळून आमच्या जंगलात येते. मोह वेचणाऱ्यांच्या पाठीला बसते. इथं तिला कोणी मारत नाही, उलट सकाळी बांधून सोबत नेतात. "हे साप तिनं गमावले," मुखवटा वर धरून ती म्हणाली, "आमच्या सिंधूआजीले वाचवता वाचवता." तिसऱ्या रांगेत काकीनं डोळ्याला पदर लावला. (पहाटे टोपली मारणारी हीच!)

पहिला नंबर आला. परीक्षक मॅडमनी विचारलं, "बाळ, ही गोष्ट कोणत्या पुस्तकातली?"

"एक बारक्याइचं पुस्तक आहे, एक मोठ्याइचं," पायल म्हणाली. "बाकीचं माह्या बाबाचं."

मॅडम म्हणाल्या, बाबांनी वर यावं, दोन शब्द बोलावेत. मी चढलो. समोर दोनशे माणसं, हातात माईक. अकरा वर्षांत मी हजारो पुस्तकं बांधली असतील, त्यातला एक शब्द तोंडात येईना.

"अगा देवराव, बोल ना," काकी तिसऱ्या रांगेतून ओरडली. "वाघ नाई इथी."

त्या वेळचा फोटो गोदामात लावलाय. पायल हसतेय, तिच्या हातातल्या मुखवट्याचा एकुलता एक डोळा माझ्याकडे वळलेला आहे, आणि शेजारी मी. पोरगी शाबूत, मॅडम शाबूत, दोनशे माणसं शाबूत. सापवालीनं दगड केला तो फक्त माझा.